घट, ग्लिसरीन आणि मागची खोली

नाशिक शहरात हिरवळ टिकवून दाखवणारा माणूस एकच आहे आणि तो मी आहे. लोक हौसेने गॅलरीत कुंड्या लावतात, महिन्याभरात त्यांत काड्या उरतात. माझी झाडं मात्र तीन-तीन वर्षं पानही न गाळता उभी असतात! अट एकच. ती आधी मेलेली असावी लागतात.

समजावून सांगतो. अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूत अर्ध्या मिलिमीटरची चूक शोधायची आणि ती वस्तू परत पाठवायची, हे माझं काम. घरी आल्यावर मात्र काहीच परत पाठवता येत नाही. मिळेल ते मुकाट्याने पास करावं लागतं. अशा माणसाला छंद लागतो. माझा छंद म्हणजे नाशिकजवळच्या घोटी गावची भातशेती. खरी नव्हे! सहा बाय चारच्या प्लायवूडवर, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. बांध आहेत, विहीर आहे, मागे डोंगर आहे, आणि विहिरीवर धुणं धुणारी एक बाई आहे. तिची उंची माझ्या करंगळीच्या दोन पेरांपेक्षा कमी.

आता अशा देखाव्यात प्लास्टिकचं झाड लावलं की ते शंभर फुटांवरूनही प्लास्टिकचंच दिसतं. झाड खरं हवं, पण बोटाएवढं. तुळशीची वाळकी काडी नीट निवडली तर थेट म्हातारा आंबा दिसतो. शेवाळाचं झुडूप होतं. वापरलेली चहापत्ती धुऊन वाळवली की शेतातली माती होते. प्रश्न असतो टिकवण्याचा. वाळकं शेवाळ हात लावताच भुगा होतं. त्यावर उपाय ग्लिसरीन! दोन भाग कोमट पाणी, एक भाग ग्लिसरीन. शेवाळ किंवा गवत त्यात मुरू द्यायचं, मग ताटात काढून कापड रंगवायच्या हिरव्या रंगात घोळवायचं. पाणी उडून जातं, ग्लिसरीन आत राहतं, आणि ते गवत पुढे ना वाढतं, ना सुकतं, ना पिवळं पडतं. चौकशी समितीसारखं जिथल्या तिथे राहतं.

आमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला मला ग्लिसरीनच्या बाटल्या डझनाने देतो. आमच्या घरात सगळ्यांच्याच टाचांना भयंकर भेगा आहेत, अशी त्याची समजूत आहे. परवा त्याने आवाज बारीक करून विचारलं, "साहेब, एकदा डॉक्टरांना का नाही दाखवत?"

तर, ही शेती वसली होती आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत. त्या खोलीवर माझी सत्ता होती. चैताली, म्हणजे माझी बायको, अधूनमधून दारात उभी राहून "या खोलीत एखादा माणूस राहू शकला असता," असं म्हणायची. मी विहिरीवरच्या बाईकडे बोट दाखवून "राहतो की!" म्हणायचो. संसार असा सुरळीत चालला होता.

आणि नवरात्र आलं.

माझ्या सासूबाई, कुसाबाई, कळवणला राहतात. यंदा माझ्या मेहुण्याने, प्रफुल्लने, तिथलं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं. घर म्हणजे चार खड्डे आणि वाळूचा ढीग. त्यात घट कुठे बसवणार? म्हणून सासूबाई प्रफुल्लच्या पिकअपमधून आमच्याकडे उतरल्या. सोबत शेतातली काळी माती, परडी, पाट, मातीचा घट, आणि एका पिशवीत गहू.

"घट उगवतीच्या खोलीत बसतो," त्या म्हणाल्या.

आमच्या फ्लॅटला उगवतीची खोली एकच. मागची!

माझ्या चेहऱ्यावरची भातशेती कोमेजलेली बघून त्यांनी लगेच धीर दिला. "जावईबापू, जीवाला घोर नका लावू. घट उठला का मी निघाले. पोरीच्या घरी जास्त ऱ्हाऊ नाय. दसऱ्याला घट उठला, का लगोलग गाडीत बसले!"

अटी स्पष्ट, मुदत स्पष्ट. असा करार कंपनीतसुद्धा मिळत नाही. मी खूश होऊन प्लायवूड भिंतीला उभं केलं. घोटी आडवी झाली, बाई विहिरीवर लटकली, पण म्हटलं दसऱ्यापर्यंतच तर आहे!

पहिल्या माळेला घट बसला. परडीत माती, मातीत गहू, मध्ये पाण्याने भरलेला घट, त्यावर विड्याची पानं आणि नारळ. मातीच्या घटातून पाणी हळूहळू पाझरतं, त्यावर गहू उगवतात. जितकं धान दाट आणि उंच, तितकी देवी प्रसन्न. दुसऱ्या माळेला मोड दिसले. तिसऱ्या माळेला बोटभर पाती आली. सासूबाईंचा चेहरा असा फुलला की चैतालीने शेजारच्या लताबाईंना बोलावून तो दाखवला.

आणि त्याच दिवशी मला बोलावणं आलं.

"जावईबापू, घटात वाईच पाणी घाला. माझा गुडघा वाकत नाय. त्या कळशीतलं घाला, गंगेचं हाय."

रामकुंडावरून आणलेल्या गोदावरीच्या, म्हणजे नाशिककरांच्या गंगेच्या पाण्याची कळशी कोपऱ्यात होती. तिच्या शेजारी दुसरी कळशी होती. तीही स्टीलची, तेवढीच, तशीच झाकलेली. ती माझी. तिच्यात ग्लिसरीनचं पाणी होतं. आता, कंपनीत लेबल नसलेला डबा दिसला तर मी अख्खी लाइन थांबवतो. एकदा तर साध्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला लेबल नव्हतं म्हणून मी सुपरवायझरला चार पानी मेल केला होता! पण घरात माणूस बेसावध असतो. मी "हो आई" म्हणून घट काठोकाठ भरला, नमस्कारही केला, आणि जाता जाता दुसऱ्या कळशीतलं पाणी माझ्या शेवाळाच्या ताटात ओतून मोकळा झालो.

चौथी माळ झाली. पाती बोटभर. पाचवी झाली. बोटभरच! सासूबाई चष्मा लावून बघायच्या, चष्मा काढून बघायच्या, पात्याशेजारी बोट उभं करून मोजायच्या.

"कालच्याला येवढंच व्हतं."

"आई, थंडी पडली असेल," चैताली म्हणाली.

"फॅन लावून निजता तुम्ही!"

बरं, पाती सुकतही नव्हती. छान तुकतुकीत होती. मऊ होती. फक्त वाढत नव्हती. ती मऊपणाची जात माझ्या ओळखीची वाटली. मी पळत जाऊन शेवाळाचं ताट उघडलं. जे शेवाळ आतापर्यंत रेशमासारखं व्हायला हवं होतं, ते सडून त्याचा असा वास सुटला होता की विहिरीवरची बाईसुद्धा नाक मुरडते आहे असं वाटलं. त्याला गंगा पाजली होती. आणि गंगेचं पाणी ज्याला मिळायला हवं होतं त्याला...

मी चैतालीला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. तिच्या हातातलं साबुदाण्याचं भांडं तसंच राहिलं.

"अहो, तुम्ही घटाला ग्लिसरीन पाजलंत?"

"पाजलं नाही. भरलं."

"म्हणजे आता तो वाढणार नाही?"

"वाढणार नाही. पण वाईटही होणार नाही! हे असं वर्षभरसुद्धा..."

"गप्प बसा! आधी ते निस्तरा."

तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. त्या लताबाईंना सांगत होत्या, पण ऐकवत होत्या साऱ्या सोसायटीला. "अडला घट! माझ्या उभ्या जन्मात असं झालं नाय. आता धान वीतभर होईपातूर मी हलायची नाय. दसरा नाय का दिवाळी नाय! घट असा अडलेला ठिवून कळवणला कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी मनात गणित मांडलं. ग्लिसरीन मुरलेलं पातं वीतभर होण्याची शक्यता शून्य. म्हणजे खोली परत मिळण्याची शक्यताही तेवढीच. माझी अख्खी घोटी जन्मभर भिंतीला टांगलेली राहणार!

दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या बायका दोन रिक्षा करून कालिका देवीच्या यात्रेला निघाल्या. सासूबाईही गुडघा धरून निघाल्या, थेट वरच्या पातळीवर तक्रार करायला. मी हाफ डे टाकला.

माझ्याकडे भाताच्या रोपांसाठी तयार केलेलं गवत होतं. घोटीच्या बांधावरून आणलेलं, ग्लिसरीनमध्ये मुरलेलं, हिरव्यागार रंगात घोळलेलं. त्याचे सेंटिमीटरभराचे तुकडे करायचे बाकी होते, म्हणजे अजून चांगलं वीतभर होतं! मी चिमटा घेतला, भिंग लावलं आणि परडीपुढे मांडी घातली. बोटभर गव्हाच्या मध्ये मध्ये एकेक काडी रोवत गेलो. आयुष्यभर सत्त्याऐंशी पट लहान शेती केलेल्या माणसाला खऱ्या मापाची शेती म्हणजे किरकोळ काम! कडेला विरळ, मध्ये दाट, दोन-चार पाती मुद्दाम झुकलेली. निसर्ग कधी सरळ रेषेत उगवत नाही, हे नवशिक्यांना कळत नाही.

शेवटी चिकटवणं. देखाव्यात काही रोवलं की पाण्यात पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरने बुडाशी सोडतात. तो मातीत झिरपतो, वाळल्यावर दिसत नाही आणि दगडासारखा धरतो. घर आहे, पोरंबाळं येतील, आरतीत कोणाचा धक्का लागेल, म्हणून मी थोडा जास्त सोडला. मग आणखी थोडा. क्वालिटी म्हणजे क्वालिटी.

बायका परतल्या. लताबाई घटाचं दर्शन घ्यायला म्हणून पहिल्या आत गेल्या आणि अशा किंचाळल्या की खाली वॉचमन उठून उभा राहिला.

"कुसाबाई! अहो कुसाबाई! घट उसळला!"

सासूबाई आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग हात जोडून एवढंच म्हणाल्या, "आलीस का माय."

मला भरून आलं. सासूबाईंचा मान राहिला, चैतालीचं तोंड बंद झालं, आणि दसऱ्याला खोली मोकळी! तीन कामं एका ड्रॉपरमध्ये! त्या रात्री मी बासुंदी दोनदा घेतली.

सकाळी दार उघडलं तर बाहेर बावीस चपला.

लताबाईंनी फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. सोसायटीच्या ग्रुपवरून तो माहेरच्या ग्रुपवर गेला, तिथून भिशीच्या, तिथून योगा क्लासच्या. "एका दुपारीत वीतभर! जागृत घट!" आमच्या सोसायटीचे चेअरमन कोंडाजी नाना, जे पार्किंगच्या पट्ट्यावरून झालेल्या भांडणापासून मला ओळखही दाखवत नाहीत, ते हात जोडून दारात उभे.

"साहेब, गर्दी वाढायला लागली. तुमची गाडी तेवढी बाहेर रस्त्यावर लावता का? भक्तांची सोय होईल."

मी गाडी रस्त्यावर लावली.

येणारी प्रत्येक बाई घटावर श्रद्धेने पाणी शिंपडायची. आणि कापडाचा रंग, तुम्हाला सांगतो, पक्का असतो असं फक्त पाकिटावर लिहिलेलं असतं. दुपारपर्यंत पाटाखालून एक बारीक हिरवा ओघळ निघाला. मी फडकं घेऊन धावलो, पण लताबाई माझ्या आधी पोहोचल्या. त्यांनी बोट बुडवलं आणि कपाळाला लावलं.

"हिरवं तीर्थ!"

"अहो लताबाई, ते तीर्थ नाही, ते..."

चैतालीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की माझा सगळा खुलासा "आई गं" एवढ्यावरच आटोपला. लताबाई म्हणाल्या, "बघा, भाऊजींच्या तोंडूनसुद्धा देवीचं नाव निघालं!"

संध्याकाळच्या आरतीला सगळ्या सोसायटीची कपाळं हिरवी होती. कोंडाजी नानांनी तर भुवयांपासून टकलापर्यंत पट्टाच ओढला होता. रंग दोन अंघोळींतही गेला नाही, तेव्हा श्रद्धा आणखी पक्की झाली. दुसऱ्या दिवशी कंपनीत गेटवरच्या सिक्युरिटीने मला थांबवून विचारलं, "सर, कोणत्या पार्टीत गेले?"

मी सगळं सहन केलं. दसरा जवळ येत होता.

दसऱ्याच्या दिवशी मी पहाटे उठून प्लायवूडवरची धूळ पुसली. चिमटे, भिंग, ड्रॉपर रांगेत लावून ठेवले. नवी टोपी घातली. आमच्याकडे दसऱ्याला घट हलवतात, धान उपटून आधी देवीला वाहतात आणि मग पुरुषांच्या टोपीत खोवतात. दहाच्या सुमाराला प्रफुल्ल पिकअप घेऊन आला. सासूबाईंची पिशवी मी स्वतःच दाराशी नेऊन ठेवली. दोन्ही पिशव्या. आणि चपलाही.

खोलीत माणूस मावत नव्हता. सासूबाईंनी घटाला हळद-कुंकू वाहिलं, दोन्ही हातांनी घट धरला आणि हलवला.

घट हलला नाही.

त्यांनी पुन्हा हलवला. नाही! मग त्यांनी धानाचं एक पातं धरून उपटायला बघितलं. पात्याऐवजी त्याच पुढे सरकल्या.

"धान सुटत नाय," त्या म्हणाल्या. माझ्या टोपीखाली घाम सुटला. थोडा जास्त सोडलेला आणि मग आणखी थोडा सोडलेला फेविकॉल मातीतून झिरपला होता, घटाला लागला होता, परडीतून पाटावर उतरला होता आणि पाटावरून फरशीवर. घट, धान, परडी, पाट आणि आमचा दुसरा मजला ही आता एकच वस्तू होती. अर्धा मिलिमीटरसुद्धा फट नव्हती. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं निर्दोष काम माझ्या टेबलावर आलेलं नाही!

"सरका, मी बघतो," म्हणून कोंडाजी नाना पुढे झाले. त्यांनी ओढलं, आणि कंबर धरून सोफ्यावर जाऊन बसले.

"दाजी, तुम्ही पाट धरा, मी घट धरतो," प्रफुल्ल म्हणाला. दंड त्याचे गोण्या उचलून तयार झालेले. आम्ही दोघांनी पाय रोवले. "एक, दोन, हां!" खालून आवाज आला, टक्! फरशीला भेग गेली, आमच्या पायापासून थेट कपाटापर्यंत. घट जागच्या जागी.

"थांब रे, प्रफुल्ल!" सासूबाईंनी हात वर केला. "नको ओढू. तिला नाय उठायचं."

"रमली!" लताबाई ओरडल्या. "देवी इथंच रमली हो!" आणि बायकांनी असा उदो उदो केला की माझं "पण करार..." हे त्यात विरून गेलं.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम शांत. "जावईबापू, म्या येतायेता काय म्हणले व्हते?"

"घट उठला की निघाले."

"मंग? उठला का?"

"नाही."

"मंग?"

मी प्रफुल्लकडे बघितलं. "आई बरोबर बोलती, दाजी," असं म्हणत तो जिना उतरतही होता. त्याने गाडी बंदच केली नव्हती, हे मला खालून आवाज लांब जायला लागला तेव्हा लक्षात आलं.

आता लाजून चालणार नव्हतं. खोली जात होती! चैताली डोळे वटारत होती, तरी मी सगळ्यांसमोर ग्लिसरीनची बाटली, गवताची जुडी, फेविकॉलचा डबा आणि ड्रॉपर आणून मांडला. कळशीपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. प्रमाणासकट. "यात देवीचं काही नाही. हे माझं काम आहे. देवी नाही, ग्लिसरीन आहे!"

सासूबाई म्हणाल्या, "माती म्या आणली, गहू म्या पेरले. म्हंजी म्या देवी झाले का? ती कोणाच्या तरी हातानंच करून घेती. यंदा तुमच्या हातानं घेतलं."

"किती नम्र आहेत भाऊजी!" लताबाई पदर डोळ्याला लावत म्हणाल्या. "एवढं होऊनसुद्धा सगळं ग्लिसरीनच्या नावावर ढकलतात."

कोंडाजी नाना कंबर धरून उठले आणि माझ्या पाया पडायला लागले. "साहेब, आमच्या गॅलरीतला मोगरा दोन वर्षं नुसताच उभा आहे. एकदा हात लावून जा."

संध्याकाळी गर्दी ओसरली. सासूबाई घटासमोर पाय पसरून बसल्या होत्या. मी दिव्यात तेल घालायला गेलो तर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बसा. मी जन्मभर गहू पिकवला, जावईबापू. गहू कोणता नि बांधावरचं गवत कोणतं, ते मला कळत नाय का?"

मी तेलाची बुधली खाली ठेवली. "मग बोलला का नाहीत?"

"बोलून कुठं जाऊ? तिकडं पत्र्याच्या खोलीत समदे दाटीवाटीनं निजत्यात. सिमेंट नाकातोंडात जातं. सूनबाई चूल मांडती ती वाळूच्या ढिगामागं. मी आपली म्हणत व्हते, घट अडलाय तर त्याच्या निमतानं दिवाळीपातूर ऱ्हाईन, तवर एक खोली तरी उभी ऱ्हाईल." त्यांनी घटाला बोटाने टिचकी मारली. घट भिंतीसारखा वाजला. "तुम्ही तर बापू, पार चिकटवूनच टाकला! आता सालभर तरी बघायला नको."

आणि पदरात तोंड घालून त्या अशा हसल्या की स्वयंपाकघरातून चैतालीने विचारलं, काय झालं म्हणून.

मीही हसलो. दुसरं काय करणार? खरं सांगायचं तर सासूबाई आल्यापासून घरात ज्वारीची भाकरी रोज मिळते आहे, आणि चैतालीला माझ्याऐवजी ओरडायला दुसरं माणूस मिळालं आहे. तक्रारीला तशी जागा नाही. जागा नाही हीच काय ती अडचण.

घोटीची भातशेती सध्या आमच्या पलंगाखाली आहे. डोंगर तिथे मावला नाही, तो कापून कपाटावर ठेवला आहे. पलंगाखाली ऊन नाही, पाऊस नाही, हवामान तसं बरं असतं. फक्त सकाळी चैताली झाडू मारते तेव्हा त्या भागात जोराचं वादळ होतं. काल दोन आंबे उन्मळून पडले, भात आडवा झाला आणि विहिरीवरची बाई बेपत्ता आहे. पंचनाम्याला अजून कोणी फिरकलेलं नाही.